तिसरी हाक

ऐक ना. मध्ये काही बोलू नको, "हं" पण करू नको, नुसतं ऐक. भाट्याला पुलाच्या पलीकडे ती सानिका राहते बघ, महिपतकाकांची मुलगी, आंब्याच्या पॅकिंगला जाते ती. हो, तीच, जाडी. सगळे तेच म्हणतात तिला, ती स्वतः पण म्हणते. रिक्षात बसायच्या आधीच सांगते, "काका, टायर बघून घ्या हां, मागाहून माझ्या नावाने ओरडू नका." रिक्षावाला हसतो, ती पण हसते. दुसऱ्याने बोलायच्या आत आपणच बोलून टाकायचं, म्हणजे कमी लागतं, असं तिचं गणित.

आणि कामाला एकदम वाघ. फळ हातात घेतलं की वजन सांगते. "हा दोनशे साठ, पाच डझनाच्या पेटीत टाक. हा हलका आहे, आतून गेलाय." काट्यावर ठेवून बघ, पाच ग्रॅम इकडे का तिकडे. पण स्वतः काट्यावर उभी राहायची नाही. कध्धी नाही. यंदा मार्चमध्ये तिचे पाय सुजायला लागले, चप्पल चढेना, तेव्हा गेली डॉक्टरकडे. नर्सने काट्यावर उभं केलं तर हिने डोळे मिटून घेतले. एकशे बारा. वय तेवीस. रक्तातली साखर वर, बीपी वर. डॉक्टरबाई भल्या होत्या, ओरडल्या नाहीत. लिहिता लिहिता सहज विचारलं, "हे वजन कधीपासून वाढायला लागलं?"

सानिका म्हणाली, "अकरा ऑक्टोबरपासून."

बाईंचं पेन थांबलं. "तारीख लक्षात आहे तुझ्या?"

आता ती तारीख सांगते. सानिका नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ रितेश तेरा. नवरात्र चालू होतं. महिपतकाका तेव्हा बोटीवर, दूर कुठे तरी. सगुणाकाकी, म्हणजे सानिकाची आई, दोघांना घेऊन आरे-वारेला बहिणीकडे गेली होती. दुपारी पोरं पाण्यापाशी खेळत होती. रितेशची चप्पल लाटेबरोबर गेली, तो धावला, आणि सानिकाने मागून त्याचा हात धरला. घट्ट धरला होता, ती शपथ घेऊन सांगते. पण ती केवढीशी गो! बावीस किलोची पोर. पायाखालची वाळू गेली, दोघं आत ओढली गेली आणि हात सुटला. होडीवरच्या कुणी तरी हिला केसांना धरून वर काढलं. रितेश तिसऱ्या दिवशी मिळाला.

ही सिव्हिल हॉस्पिटलला होती. बघायला माणसं येत होती, हिच्या उशाशीच बसून बोलत होती, लहान मुलाला काय कळतंय म्हणून. एक शेजारीण चहा फुंकत म्हणाली, "काडीच हो पोर. जरा अंगापिंडाने असती, तर धरून ठेवला असता त्याला."

संपलं. त्या बाईने चहा पिऊन कप खाली ठेवला असेल आणि विसरून पण गेली असेल. सानिकाने त्या संध्याकाळी पेज मागितली, मग आणखी एक वाटी, मग आणखी एक. पोट दुखेपर्यंत खाल्लं. पुढच्या वेळी हात सुटता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात. पुढची वेळ कसली, ते नऊ वर्षांच्या मुलीला कोण विचारणार?

आणि सगुणाकाकीने कधी नाही म्हटलं नाही. उलट मागायच्या आधी पानात. घावण्यावर घावणं, भातावर भात, वर सुक्या बांगड्याचं तिखलं. शाळेच्या दप्तरात दोन डबे. "खा गो बाय, खा." बोलणं एवढंच. त्या दिवसानंतर तिने लेकीला जवळ घेतलं नाही, केस विंचरून दिले नाहीत, डोळ्याला डोळा म्हणून दिला नाही. फक्त वाढायचं आणि समोर बसून बघायचं, शेवटचा घास जाईपर्यंत. सानिकाला वाटायचं, आई मोजतेय. मी केवढी झाले आणि तेव्हा केवढी असायला हवी होते.

चौदा वर्षं होत आली तरी घरात हे असंच. आणि मग यंदा चैत्रात महिपतकाका बोट सोडून कायमचे घरी आले.

त्यांनी आल्या आल्या लग्नाचं काढलं. सावर्ड्याहून एक स्थळ आलं. चहापोहे झाले, मुलगा बरा होता, पण त्याची आई निघताना दारात म्हणाली, "मुलगी गुणी आहे हो, पण आमच्याकडचे जिने अरुंद आहेत." सानिकाच पटकन म्हणाली, "मग मी खालीच राहीन, बाहेरून हाक मारत जा." सगळे हसले. काकी हसली नाही. ती सानिकाच्या पानातले उरलेले पोहे बघत होती.

काका वैतागले. म्हणाले, काही तरी आडवं येतंय, गावी जाऊन देवीला कौल लावू. गाव काय, घरापासून गाडीने अर्धा तास. मंगळवारी तिघं गेली. धोंडू गुरव आता सत्तरीला आलाय, डोळ्यांना कमी दिसतं, पण कौल तोच लावतो. देवीच्या अंगावर ओल्या बोटाने कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले, गाऱ्हाणं घातलं आणि सगळी बघत बसली. खूप वेळ काही पडेना. मग डावीकडचा एक कळा सुटला, आणि तो पडायच्या आत दुसरा. धोंडूने मान पण वळवली नाही. देवीकडेच बघत म्हणाला, "सगुणे, तुझा नवस उभा हाय."

काका म्हणाले, "कसला नवस?"

काकी उठायला लागली.

"तुलेचा," धोंडू म्हणाला. "रितेश गेला तेव्हाचा. ह्या पोरीच्या वजनाचे नारळ घालणार होतीस ना गो? चौदा वर्सं देवी थांबली. आता नाय थांबणार."

काका तर खूश झाले, एवढंच ना! "पुढच्या मंगळवारी घालू. बागेतलेच नारळ आहेत."

"नको," काकी म्हणाली. एवढ्या जोरात की घंटेखाली बसलेलं कुत्रं उठून गेलं. "तुला-बिला नको. दुसरं काय ते करू. हिला पारड्यात बसवू नका."

इथे सगळं उलटं झालं बघ. सानिकाला काय वाटलं असेल? गावासमोर, एका बाजूला नारळांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला ती, हे आईला बघवणार नाही. आईला आपली लाज वाटते. चौदा वर्षं हिनेच वाढलं आणि आता हिलाच लाज वाटते! जन्मात पहिल्यांदा सानिकाला राग आला. खरा राग, हसण्यावारी न जाणारा. तिने देवीसमोर हात जोडले आणि आईकडे न बघता म्हणाली, "मी बसणार. सगळ्या गावाला बोलवा."

तो आठवडा त्या घरात कसा गेला विचारू नको. काकीने जेवण सोडलं. सानिकाच्या पानात मात्र दुप्पट. सानिका दुपारी पडली की काकी दारात येऊन उभी राहायची, छाती वरखाली होतेय का बघितल्यासारखी बघायची आणि जायची. एकदा सानिकाने डोळे उघडले तर काकीचा हात तिच्या घोट्याभोवती. घट्ट, जसा दोर बांधावा तसा. "आई?" म्हटलं तर सोडला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शनिवारी धोंडू गुरव स्वतः घरी आला. पाणी पण घेतलं नाही. काकीला म्हणाला, "माहीत हाय ना? तुझा नवस साधा नाय. दिलेला शब्द मागं घ्यायचा नवस हाय. मागं घ्यायचा तर आधी तो शब्द बाहेर काढायला लागतो. जसाच्या तसा. सगळ्यांच्या देखत, आणि जिच्या नावानं दिलास तिच्या तोंडावर." मग म्हणाला, "मग तीनदा हाक मारायची, उतर म्हणून. तिसऱ्या हाकेला पोर उतरली की फिटलं. त्याच्या आधी तिचा पाय खाली लागता नये. लागला तर शब्द तसाच ऱ्हातो."

सानिका दारामागे होती. तिला वाटलं, कसला शब्द? विचारावंसं पण वाटलं, पण धोंडू जाता जाता तिच्याकडे वळला, त्या दुधाळ डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नुसतं म्हणाला, "बरी ऱ्हायलीस गो तू." जसं काही ती राहायलाच नको होती.

मंगळवारी गाव लोटलं. लाकडाच्या वखारीतून मोठा तराजू आणला होता, मंडपाच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेला. पोरांनी सकाळी सिमेंटच्या दोन गोणी ठेवून साखळी तपासली. त्यावरून काय ती मस्करी! "अजून अर्धी ठेव रे, उगाच देवीचं देऊळ बसायचं!" एक म्हातारा महिपतकाकांना म्हणाला, "नारळ कमी पडले तर सांग हां, माझी पण बाग हाय." सानिका नवी साडी नेसून आली होती, तिने हे सगळं ऐकलं आणि हात हलवून म्हणाली, "आजोबा, तुमची बाग राहू दे, तुम्हीच या पलीकडे बसायला." मंडप हसून हसून पडला.

बसली. पारडं दाणकन जमिनीला टेकलं. समोरच्या पारड्यात नारळ पडायला लागले. धप्प, धप्प, धप्प. आधी सगळे बोलत होते, मग हळूहळू बोलणं बंद झालं. नुसता नारळांचा आवाज. आणि मग एका नारळाला तिचं पारडं हललं. बोटभर वर आलं. आणखी एक, आणखी एक, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले.

ती सांगते, तेव्हा तिला खरी भीती वाटली. पारडं एका लयीत झुलत होतं, पायाखाली काही नाही, आणि कानात तोच आवाज, त्या दुपारचा. एवढं वजन कमावलं आणि तरी उचललीच गेले, असं वाटलं तिला. तिने साखळ्या धरल्या. काटा मध्ये आला. धोंडू म्हणाला, "बोल, सगुणे."

काकी पालखी टेकवतात त्या सहाणेला टेकून उभी होती. पदर तोंडात. धोंडूने परत सांगितलं. काकांनी सांगितलं, "अगो बोल ना, लोक उभे आहेत." शेवटी तिने पदर काढला. देवीकडे बघायचं होतं, पण ती सानिकाकडे बघत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. आणि म्हणाली:

"आये, माझा रितेश मला परत दे. त्याच्या बदल्यात ही सानिका घे. ही तुझ्या ओटीत घातली. मला मुलगा दे, मुलगी ने."

महिपतकाका तर तिथेच खाली बसले. त्यांना पण माहीत नव्हतं. रितेश सापडत नव्हता आणि सानिका सिव्हिलला सलाईन लावून पडलेली होती, त्या मधल्या दोन दिवसांत काकी अनवाणी देवळात जाऊन हे बोलून आली होती. धोंडूनेच तेव्हा गाऱ्हाणं घातलेलं. मग रितेश आला, पण तसा आला. तेव्हा ही घाबरली. देवीने दिलं तर नाही, पण घ्यायला आली तर? परत धावत देवळात गेली, शब्द मागे घेते म्हणाली, तुलेचा नवस बोलली. आणि मग तो फेडायचा तर हे लेकीच्या तोंडावर बोलायचं, या भीतीने चौदा वर्षं गेली.

"शब्द मागं घेतला," काकी म्हणाली. मग तिला जे बोलायचं नव्हतं ते पण बाहेर पडलं. "म्हणून तुला खायला घातलं गो. हलकी असतीस तर नेली असती. मला वाटलं, जड झालीस की सहज उचलता येणार नाय. रोज बघायची, आज आहे ना, आज आहे ना..."

सानिका पारड्यात झुलत होती. आपण कशासाठी खात होतो आणि आई कशासाठी वाढत होती! एकाच ताटावर दोघी चौदा वर्षं समोरासमोर बसल्या, आणि एकीने दुसरीला एका शब्दाने विचारलं नाही.

धोंडू म्हणाला, "हाक मार."

"सानिका, उतर गो बाय. घरी चल."

तिने ऐकलं. हलली नाही.

"सानिका, उतर. माझी पोर तू."

दोन झाल्या. तिसरीसाठी काकीने तोंड उघडलं, आणि सानिका म्हणाली, "थांब. आधी एक सांग. तो जिवंत आला असता तर?"

काकी म्हणाली, "असं नको विचारू."

"आला असता तर तू मला परत मागायला आली असतीस इथे?"

सगळं गाव काकीकडे बघतंय. खोटं बोलायचं होतं तर सोपं होतं, हो म्हणायचं. पण देवीच्या समोर उभी ती, आत्ताच खरा शब्द काढलेला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग सानिकाने पदर खोचला आणि पारड्यातून स्वतःच खाली उतरली.

समोरचं पारडं धाडकन आदळलं, नारळ मंडपभर घरंगळले. धोंडू ओरडला, "पाय लावू नको, तिसरी व्हायचीय!" पण पाय लागला होता. ती नारळांमधून वाट काढत बाहेर गेली, चप्पल घातली, पुढच्या रिक्षात बसली. या वेळी टायरचं काही बोलली नाही.

ही गोष्ट मे महिन्यातली. आता श्रावण आलाय आणि आता पुढचं ऐक, खरं तर हेच सांगायचंय.

त्या दिवसापासून ती आईच्या हातचं खात नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. स्वतःचा मूठभर भात स्वतः टाकते, आमटी टाकते, खाते, ताट धुते. काकी रोज दुपारी झाकलेलं ताट तिच्या दाराशी ठेवते आणि संध्याकाळी तसंच उचलते. आणि वजन उतरतंय. पहिल्या महिन्यात सात किलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शाब्बास!" साखर खाली आली, पाय हलके झाले. दुसऱ्या महिन्यात नऊ. बाई म्हणाल्या, जरा सावकाश. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आणखी आठ, तेव्हा बाईंनी तपासण्या लावल्या. रक्त, थायरॉईड, छातीचा फोटो, सगळं करून घेतलं. सगळं चांगलं. "नीट जेवतेस ना?" जेवते. "मग?" बाईंनी तिला एका समुपदेशक बाईंचा नंबर लिहून दिला. तो कागद तिच्या पर्समध्ये आहे, अजून फोन केलेला नाही.

बाजारात बायका थांबवून म्हणतात, "केवढी छान दिसायला लागलीस गो!" जन्मात तिला कुणी छान म्हटलं नव्हतं. आणि जरा पुढे गेल्या की त्याच बायका आवाज खाली करतात. "पाय लावला ना हिने तिसऱ्या हाकेच्या आधी. देवी नेतेय. एकदम नाही, थोडी थोडी नेतेय." सावर्ड्याच्या बाईने परत निरोप धाडलाय, ऐकलंय मुलगी बारीक झाली, बघू म्हणून. मी सानिकाला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला कळत नाही गो. आरशात चांगली दिसते. पण प्रत्येक किलो गेला की वाटतं, आता कुणी पण उचलून नेईल." आणि हसली नाही. तेच मला जास्त लागलं.

काल काकी तिच्या दारात आली. ताट न घेता आली. काकी पण अर्धी झालीय. म्हणाली, "धोंडू म्हणतो, अजून उशीर नाय झाला. मंगळवारी परत तराजू मांडू. दोन हाका मारल्यात, एकच राहिलीय. तू नुसती बस आणि ऐक, मग मला काय हवं ते बोल."

सानिका म्हणाली, "मी विचारलं होतं त्याचं उत्तर दे, मग बसते."

काकी उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला माहीत नाही गो. तेव्हा मी त्याचीच आई होते. तुझी मी नंतर झाले, रोज वाढता वाढता."

सानिका अजून काही बोललेली नाही. मंगळवार परवा आहे. तराजू परत टांगलाय म्हणे, आणि या वेळी नारळ खूप कमी लागतील. आता बोल, इतका वेळ गप्प बसलीस ना. तू तिच्या जागी असतीस, तर असं उत्तर देणाऱ्या आईची तिसरी हाक ऐकायला त्या पारड्यात परत जाऊन बसली असतीस?